दारातल्या खिळ्याची खरी हकिकत

ही हकिकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला कारणंही मिळत गेली. मुलाचं लग्न ठरायचं होतं, मग नातवाचं बारसं आलं, मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. आता सत्तरी उलटली, कारणं संपली. परवा बायको म्हणाली, "सभेत समदं तोंडानं जमलं न्हाई, तर ऱ्हायलेलं कागदावर लिवा. कागद काय तुमाला उलटून बोलत न्हाई." म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं गाव आटपाडी भागातलं. गावात आज जवळजवळ प्रत्येक दाराच्या चौकटीला एक खिळा आहे आणि खिळ्याला कापडी पिशवी. घरात उरलेली भाकरी-चपाती वाळवून त्या पिशवीत टाकतात, भाजीची देठं-सालं खाली घमेल्यात ठेवतात. सकाळी शेळ्यामेंढ्यावाले येऊन दोन्ही रिकामं करून जातात. मागं उरतो तो सुका कचरा, तो घंटागाडीत जातो. त्याला ना वास, ना माश्या. बाहेरगावची माणसं हे बघायला येतात आणि ही युक्ती कुणाची म्हणून विचारतात. मग गावकरी परवा-परवापर्यंत माझ्याकडे बोट दाखवायचे. "आमचं साहेब हैत न्हवं, दुबईच्या नगरपालिकेत मोठ्या हुद्द्यावर हुतं."

हे दोन्ही खोटं आहे. मी हुद्द्यावर नव्हतो. कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या लोखंडी पायरीवर उभा राहून डबे ओढणारा माणूस होतो. आणि युक्तीही माझी नव्हती. ती ज्याची होती तो पाटणकडचा माणूस, माझ्या गाडीचा ड्रायव्हर. त्याला मी भर सभेत, माईक हातात धरून, माझ्या हाताखालचा माणूस म्हणालो. तेव्हा तो समोर पहिल्या रांगेत बसला होता.

मी ज्या शहरात होतो ते दुबई नव्हतंच. पण आमच्याकडे समुद्रापलीकडचं सगळं दुबईच, म्हणून नाव सांगून उपयोग नाही. घरची मेंढरं कमी झाली, रान तर आधीपासूनच कोरडं. दहावीपर्यंत शिकलो होतो. चाळिशी ओलांडताना एका ओळखीच्या माणसानं कागदपत्रं केली आणि मी विमानात बसलो. काम काय आहे ते तिथं पोचल्यावर कळलं.

आता खोटं का बोललो ते सांगतो. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, तो जाळायचा, धुवायचा, आटवायचा आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे. माझा चुलता त्यातलाच. जन्मभर त्यानं केर चिवडला, पण गावी आला की लोक त्याला शेठ म्हणत, कारण त्याच्या केरात सोनं होतं. माझ्या केरात केळीच्या साली आणि लहान मुलांचे लंगोट. पहिल्या फोनवर बायकोनं विचारलं, "काम कसलं हाय?" मी म्हणालो, "बलदियात हाय." बलदिया म्हणजे तिकडची नगरपालिका. तेवढा शब्द खरा होता. गाडी ठेकेदाराची असली तरी तिच्यावर पाटी बलदियाचीच होती. गावात पोचेपर्यंत त्या शब्दाला खुर्ची लागली, टेबल लागलं, पंखा लागला. सुट्टीला गेलो तेव्हा मी साहेब झालो होतो. मीही नाही म्हणालो नाही.

गाडीवर पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "कुठला रं?"

"सांगली जिल्हा. आटपाडी."

"आरारा! दुष्काळी. म्हंजी अंघोळीचं पाणी तुज्याकडनं वाचणार. चढ मागं."

तेव्हापासून मी त्याचा आटपाडी आणि तो माझा फौजी. सैन्यात गाड्या चालवून निवृत्त झालेला, घरी ऊस, थोडा भात. मग इथं कशाला आलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "ऊस आपोआप वाढतोय. त्येच्याकडं बघत बसून काय तो लवकर वाढतोय व्हय?" त्यानं घरी पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं होतं. मी ऐकलं ते फोनवर: "कचऱ्याची गाडी हाय गं. पर गाडी नवी कोरी, आन् आत थंड हवा! तुज्या भावाच्या मोटरसायकलचं काय घिऊन बसलीस!" पलीकडे त्याची बायको हसत होती. मला त्या हसण्याचा हेवा वाटला.

आमची पाळी पहाटे सुरू व्हायची आणि ऊन चढायच्या आत संपायची. गाडी मागून कचरा गिळायची आणि आतल्या आत दाबायची. वाळूच्या रंगाच्या भिंती, बारीक गल्ल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर चाकांचे मोठे डबे. मी डबा ओढून आणायचा, गाडीच्या हातांना अडकवायचा, मुठीनं दांडा दाबायचा. डबा वर, उलटा, रिकामा, खाली. काम वाईट नव्हतं. मेंढरं हाकणाऱ्याला पायांचं काम वाईट वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी एका गल्लीत मला ती पिशवी दिसली. डब्याच्या कानाला गाठ मारून लटकवलेली. आत गोल रोट्या, चांगल्या, जरा वाळलेल्या. त्या रोटीला तिकडं खुब्बूस म्हणतात. डब्याच्या आत टाकायचं सोडून बाहेर, वेगळं, गाठ मारून, तेही तिठ्यावर. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे माणूस आजारी पडलं की भाकरी-भात त्याच्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात. त्याला उतारा म्हणतात. त्याला कुणी शिवत नाही, ओलांडतसुद्धा नाही. मला वाटलं, इथंही असतोय तर!

सोडून जावं तर काम अपुरं राहतं, आणि हात लावावा तर दुसऱ्याची पीडा आपल्यावर. मी डबे ओढायची आकडी घेतली, तोंडातल्या तोंडात बिरोबाचं नाव घेतलं, हात लांब करून ती पिशवी आकडीच्या टोकानं उचलली आणि तोंड फिरवून गाडीच्या जबड्यात फेकली. दांडा दाबला. शेजारच्या डब्याला दुसरी पिशवी होती, तीही तशीच.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. काळा बुरखा, हातात लाकडी लाटण्यासारखं काहीतरी. ती जे बोलत सुटली त्यातलं मला अक्षर कळलं नाही, पण आमच्या आजीची आठवण झाली. शिव्यांची चाल सगळीकडे एकच असते. आसपासची चार दारं उघडली. फौजी खाली उतरला, छातीवर हात ठेवून मान खाली घालून उभा राहिला. त्याला मोडकंतोडकं अरबी येत होतं. म्हातारीनं त्याच्यापुढे हातवारे करून आकडीची, माझ्या तोंड फिरवण्याची हुबेहूब नक्कल केली. फौजीच्या मिश्या थरथरायला लागल्या. मला वाटलं रागानं. नंतर कळलं, तो हसू दाबत होता.

पण तक्रार गेली. संध्याकाळी मुकादम कॅम्पवर आला, केरळचा, कडक माणूस. "रोटी को डंडा किसने लगाया?"

मी पुढं व्हायच्या आत फौजी उभा राहिला. "मैंने बोला था साब. नया आदमी है, जो बोला वो किया. गलती ड्राइवर की."

मी नवा होतो, पहिल्याच आठवड्यात तक्रार म्हणजे परतीचं विमान. त्याला ते माहीत होतं. माझ्या जागी त्याची सुट्टी तीन महिने पुढं ढकलली गेली. त्याच्या थोरल्या मुलीचं डोहाळजेवण त्या सुट्टीत होतं. ते त्याला बघायला मिळालं नाही.

मुकादम गेल्यावर मी त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिलो. तो पलंगावर बसून बूट काढत होता. म्हणाला, "हात खाली घे. आदी सांग, आकडी कशाला रं घेतलीस?"

मी उताऱ्याचं सांगितलं. फौजी असा हसला की पलंगावरून खाली आला. शेजारच्या खोलीतली माणसं काय झालं म्हणून बघायला आली. तो त्यांना सांगायचा प्रयत्न करायचा, "ह्येला... आटपाडीला... उतारा..." आणि पुन्हा सुरू. उतारा हिंदीत कसा सांगायचा ते त्याला येईना, म्हणून त्यानं माझ्यावरूनच खुब्बूस ओवाळून दाखवली. त्यानंतर पुढची सगळी वर्षं, मी कधी आजारी पडलो, कधी उदास झालो, की तो उशाशी रोटी घेऊन यायचा. "थांब, उतारा टाकतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. तिकडे रोटी ही देवाची देणगी मानतात. ती कचऱ्यात टाकणं पाप. म्हणून उरलेली रोटी वेगळी बांधून डब्याच्या बाहेर लटकवतात. एक म्हातारा त्याची जुनी पिकअप घेऊन येतो आणि शेळ्यामेंढ्यांसाठी घेऊन जातो.

"मेंढरांसाठी?" मी विचारलं.

"व्हय. तुज्या भावकीसाठी."

दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत आलो तेव्हा म्हातारी दारातच पहारा करत उभी होती. पिशवी डब्याच्या कानाला होती, पण गाठ सैल होऊन एक रोटी खाली वाळूत पडली होती. मी काही ठरवलं नव्हतं. अन्न जमिनीवर पडलेलं दिसलं की आपला हात जे करतो तेच माझ्या हातानं केलं. रोटी उचलली, फुंकर मारून वाळू झटकली, कपाळाला लावली, पिशवीत ठेवली आणि गाठ घट्ट मारली. वर बघितलं तर म्हातारीचा चेहरा पार बदलला होता. ती स्वतःच्या ओठांना आणि कपाळाला हात लावून मला दाखवत होती, आम्हीही असंच करतो म्हणून. मग आत गेली आणि मूठभर खजूर घेऊन आली.

मला माफीचा शब्द बोलावा लागला नाही. एक रोटी उचलली आणि सगळं मिटलं. माफी मागणं इतकं सोपं असतं, हे मी आयुष्यात त्या एका सकाळीच पाहिलं.

त्यानंतर त्या गल्लीत आम्ही पाहुणे झालो. म्हातारी मला हातवारे करून विचारायची, तुझ्याकडे किती शेळ्या? मी दोन्ही हातांची बोटं उघडझाप करायचो. ती तोंडावर हात ठेवायची. फौजी खिडकीतून ओरडायचा, "खोटं सांगतोय अम्मा, निम्म्या मेल्यात!" तिला मराठी कळत नव्हतं तरी हसायची.

युक्तीची सुरुवात इथूनच झाली, आणि ती फौजीच्या डोक्यातून झाली. महिनाभरानं त्यानं मला विचारलं, "आटपाडी, म्हातारीच्या गल्लीतला डबा आन् पुढच्या इमारतीचा डबा, फरक काय?"

मी म्हणालो, "हितला वास मारत न्हाई."

"का?"

"रोटी बाहेर हाय म्हणून?"

"शाबास. रोटी आत गेली की मांजरं पिशव्या फाडत्यात. फाडल्या की कालवण सांडतंय. कालवण सांडलं की कागुद, डबे, बाटल्या, समदं बरबाट. मग ते कुणी येगळं काढतंय व्हय? सगळी घाण भाकरीच्या पाठीवर बसून येती."

पुढच्या इमारतीत भाड्यानं राहणारी परदेशी माणसं होती. त्यांना रिवाज माहीत नव्हता आणि त्यांच्या डब्याला लटकवायला जागाही नव्हती. फौजीनं कॅम्पच्या भंगारातून जाड तार आणली आणि पाळी संपल्यावर आम्ही दोघांनी त्या डब्यांच्या काठाला आकडे वळवून बसवले. पहिले दोन दिवस त्यानं स्वतःच्या जेवणातली खुब्बूस पिशवीत घालून तिथं लटकवली, लोकांना दिसावं म्हणून. तिसऱ्या दिवशी शेजारी दुसरी पिशवी आली. फौजी गाडीतून उतरून त्या पिशवीसमोर ताठ उभा राहिला आणि सलाम ठोकला. पंधरा दिवसांत सगळे आकडे भरले. पिकअपवाला म्हातारा एवढा खूश झाला की एका शुक्रवारी आम्हाला त्याच्या गोठ्यावर घेऊन गेला. कित्येक महिन्यांनी मी शेळीच्या अंगाचा वास घेतला. एका करडाला कुशीत धरून बसलो तर फौजी म्हणाला, "बस हितंच. मी एकटा जातो. तुजं सासर घावलं."

मी त्या सगळ्यात तार धरून ठेवायचं काम केलं. माझा वाटा एवढाच.

काही वर्षांनी फौजी पाटणला परतला, त्याच्यामागून दोन वर्षांनी मी गावी आलो. आमच्या गावाचा कचरा ओढ्याच्या काठाला पडायचा. त्यात शिळं अन्न प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून टाकलेलं, आणि शेळ्या ते पिशवीसकट खायच्या. आमची एक शेळी फुगून मेली. पोट फाडलं तर आत प्लास्टिकचा गोळा निघाला, उशीएवढा. ग्रामपंचायतीनं ओल्या-सुक्याचे हिरवे-निळे डबे वाटले होते. लोक हिरव्यात धान्य ठेवायचे आणि निळ्यात पाणी.

मी फौजीला फोन केला. त्याला जणू उत्तर तयारच होतं.

"वला-सुका सांगू नगंस. ते शाळंचं वाटतंय लोकांना. नुसतं म्हण, भाकरी उकिरड्यात टाकू नका. आपल्यात अन्नाला पाय लागू देत न्हाईत, मग उकिरड्यात कसं टाकताय? तेवढंच म्हण. दारात खिळा ठोक, पिशवी लाव. भाकरी बाजूला निघाली की बाकीचं आपोआप येगळं हुतंय. आन् हे बघ, बायकांना सांग, बाप्यांना सांगू नगंस. बापय नुसतं मान हलवत्यात."

मी बायकोला सांगितलं. तिनं आमच्या दारात खिळा ठोकला आणि गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावून वाणात एकेक कापडी पिशवी दिली. संक्रांतीचे दिवस होते. शिमग्यापर्यंत निम्म्या गावाच्या चौकटींना खिळे लागले. खरं सांगायचं ठरवलंच आहे तर माझीही एक गोष्ट सांगतो: भाकरी वाळवूनच द्या आणि वैरणीत मिसळून द्या, नाहीतर मेंढरू फुगतं, हे मी सांगितलं. मेंढरांपुरतं ज्ञान माझं. बाकी सगळं फौजीचं.

दीड-दोन वर्षांत ओढ्याचा काठ मोकळा झाला. तालुक्याची माणसं येऊन बघून गेली. मग ग्रामपंचायतीनं शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठेवला. मांडव, माईक, फेटा, शाल, आणि नंतर गावजेवण. बायकोनं मला न सांगता फौजीला फोन करून बोलावलं होतं. तिला वाटलं, मला आनंद होईल.

मी फेटा बांधून स्टेजवर बसलो आणि समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत फौजी. पांढरी टोपी, कडक इस्त्री, पायाशी इंद्रायणी तांदळाची पिशवी. मला बघून त्यानं हात वर केला आणि चेहराभर हसला. मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. हा माणूस आता उठणार आणि मोठ्या आवाजात म्हणणार, आटपाडी, उतारा आठवतोय का! मुलासाठी विट्याकडचं स्थळ आलं होतं, ते लोकही मांडवात बसले होते. साहेबाचा मुलगा म्हणून आलेलं स्थळ.

सरपंचबाईंनी माझ्या हातात माईक दिला आणि कौतुकानं विचारलं, "साहेब, हे पाव्हणं लांबनं आल्यात म्हणं, तुमच्यासाठी. कोण हैत?"

मी म्हणालो, "हे तिकडं माझ्या हाताखाली होते. कचऱ्याच्या गाडीवर."

टाळ्या पडल्या. साहेब हाताखालच्या माणसालाही विसरले नाहीत, असं लोकांना वाटलं. फौजीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा डबा रिकामा व्हायला लागतो तेवढाच वेळ. मग तो उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जी साब!" सगळा मांडव हसला. तोही हसला.

बायकोनं सांगून त्याच्यासाठी स्टेजवर ठेवलेली खुर्ची रिकामी राहिली. जेवणाच्या पंगती उठल्यावर पत्रावळ्यांचा ढीग पडला. तरुण मंडळातला एक जण फौजीला म्हणाला, "आवं पाव्हणं, तुमाला तर सवय हाय. ह्ये कसं करायचं, जरा दावा की." आणि फौजीनं इस्त्रीच्या बाह्या वर केल्या. पत्रावळीतलं अन्न घमेल्यात, पत्रावळ्या एकीकडे, प्लास्टिकचे पेले तिसरीकडे. पोरांना हाका मारत, चिडवत, "ए भुरट्या, जिलेबी खायची न्हाई, टाकायची हाय," असं करत त्यानं अर्ध्या तासात पटांगण लख्ख केलं. पोरं त्याच्याभोवती हसत नाचत होती. त्या दिवशी मांडवातली सगळ्यात आनंदी जागा ती होती. मी फेटा घालून विट्याच्या पाहुण्यांशेजारी बसून होतो. उठून चार पत्रावळ्या उचलाव्यात, एवढं माझ्याकडून झालं नाही.

संध्याकाळच्या एसटीनं तो गेला. जाताना बायकोच्या हातात तांदूळ दिले. "वहिनी, जेवान झकास. येतो साहेब."

घरात आल्यावर बायको म्हणाली, "हाताखाली व्हय?"

मी फेटा सोडायला लागलो.

"मला काय कळत न्हाई व्हय? सुट्टीला आला की घरातल्या पिशव्यांना दोन बोटांत गाठ मारायचा तुमी, एका झटक्यात. साहेब लोक आशी गाठ मारत्यात? पहिल्या सुट्टीतच कळलं हुतं मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगशीला म्हणून वाट बघितली. मला काय त्याची लाज न्हवती. आज मातर वाटली."

पुढच्या महिन्यात मी विटा, कराड करत पाटणला गेलो. माफीचं वाक्य एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं होतं. फौजीच्या दारात पाय ठेवला तर चौकटीला खिळा आणि खिळ्याला पिशवी. आणि आतून आवाज, "आरं, साहेब आलं! पाट मांडा!" त्यानं सुनांना, नातवंडांना माझी ओळख करून दिली, "हे आमचं साहेब." थट्टेनं नव्हे. माझं गावातलं खोटं त्यानं स्वतःच्या घरातसुद्धा जपलं होतं, न जाणो कुणाच्या तोंडून फुटेल म्हणून. मी सुनांसमोर साहेबासारखा चहा प्यायलो.

मग त्यानं मला भात दाखवायला खाचरात नेलं. बांधावर दोघंच असताना मी चिठ्ठी काढली. "फौजी, त्या दिवशी मी..."

त्यानं हात वर केला. "थांब. वाचू नगंस."

"आरं, ऐक तर."

"न्हाई ऐकत. माईकवर बोललायस न्हवं? माईकवरच परत घे. हितं बांधावर कोण हाय? बेडकं." आणि माझ्या पाठीत गुद्दा मारून म्हणाला, "मी येतो की तुज्या गावाला. ग्रामसभा लाव, मी पहिल्या रांगेत बसतो. तवर चिठ्ठी खिशात ठेव. आन् उताऱ्याची गोष्टबी सांगायची, बरं का. तेवढी ऐकायलाच मी येणार."

त्या रात्री त्यानं मला जाऊ दिलं नाही. त्यानं सगळ्या घराला पिकअपवाल्या म्हाताऱ्याच्या, अम्माच्या, मुकादमाच्या गोष्टी सांगितल्या, आणि प्रत्येक गोष्टीत मला गाडीत पुढं साहेब म्हणून बसवून स्वतः मागच्या पायरीवर उभा राहिला. नातवंडं पोट धरून हसत होती. मीही हसलो. एवढा हसलो की डोळे पुसावे लागले, आणि त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला होती. मुलाचं लग्न महिन्यावर आलेलं, म्हणून मी गप्प राहिलो. मग एक मेची सभा आली, तेव्हा सून नवी होती. पंधरा ऑगस्टला मी माईकपर्यंत गेलो आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलून खाली बसलो. दर वेळी फौजीचा फोन यायचा. "काय साहेब, येऊ का?" मी म्हणायचो, पुढच्या सभेला. तो म्हणायचा, "हरकत न्हाई. माजी इस्त्री तयार हाय." त्याच्या आवाजात कधी टोचणी नव्हती. अशी काही वर्षं गेली. वर्षं म्हणताना लाज वाटते, पण वर्षंच गेली.

गेल्या भाद्रपदात त्याच्या सुनेचा फोन आला. सकाळी खाचराकडे जाताना पिशवी खिळ्यावरून काढून घेतली, शेजारच्या गोठ्यात शेळ्यांना घातली आणि तिथंच बसला तो उठला नाही. त्रास झाला नाही म्हणाली. मग म्हणाली, "साहेब, मामंजी शेवटपर्यंत सांगायचे, आमच्या साहेबांच्या गावात मला एकदा सभेला जायचंय."

मी दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभा राहिलो. पहिल्या रांगेतली एक खुर्ची बायकोनं रिकामी ठेवली होती. मी गाडीचं सांगितलं, पायरीचं सांगितलं, उताऱ्याचं सांगितलं. उताऱ्याला सगळी सभा हसली, अगदी विट्याचे व्याहीसुद्धा, आणि व्याही नंतर म्हणाले, "आवं, आमाला कवाच ठावं हुतं, तुमची सूनबाई सासूकडनं ऐकून बोलली हुती. आमची पोर सुकात हाय, बाकी काय?" म्हणजे ज्यांच्या भीतीनं मी गप्प होतो त्यांना काही पडलेलंच नव्हतं. गावानं खिळ्याला फौजीचा खिळा म्हणायचं ठरवलं. सरपंचबाईंनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

पण खिशातली चिठ्ठी मी तिथं वाचली नाही. ती सभेसाठी नव्हती, त्या खुर्चीवरच्या माणसासाठी होती. तिच्या घड्या आता फाटायला आल्या आहेत. आत लिहिलं आहे:

"फौजी, तू माझ्या हाताखाली नव्हतास. मी तुझ्या गाडीच्या मागं होतो, आणि तू मला कधी पडू दिलं नाहीस. मला माफ कर."